अन्याय मोठा, पण मुदत तीस दिवसांची!

नोकरीतून बडतर्फ केल्याचा आदेश ज्या दिवशी माणसाच्या हाती पडतो, त्या दिवशी त्याच्या घरात चूल पेटत नाही. आणि आमच्या समाजात तर एका नोकरीवर एकच घर उभे नसते. गावाकडचे आईवडील, धाकट्या भावाचे शिक्षण, बहिणीचे लग्न, पतपेढीचे कर्ज असे सारे त्या एका पगारावर उभे असते. त्यामुळे हा आदेश एका माणसाचा राहत नाही, तो साऱ्या कुटुंबाला पुन्हा एक पिढी मागे ढकलतो. अशा वेळी माणूस धावत सुटतो. प्रश्न असा आहे, की तो कुठे धावतो?

काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावातील खासगी अनुदानित शाळेचे एक शिक्षक आमच्याकडे आले. बावीस वर्षांची सेवा झालेली. हातात वीतभर जाडीची फाईल. आम्ही ती चाळली. शिक्षणाधिकाऱ्यांना तीन निवेदने, उपसंचालकांना दोन, पालकमंत्र्यांना एक, अनुसूचित जाती आयोगाकडे तक्रार, चार संघटनांची पाठिंब्याची पत्रे, धरणे आंदोलनाची वर्तमानपत्रातील कात्रणे. प्रत्येक कागदावर पोच, प्रत्येक पोचेवर शिक्का. सारे काही होते, फक्त शाळा न्यायाधिकरणापुढचे अपील नव्हते. बडतर्फीच्या आदेशाला तोवर चौदा महिने होऊन गेले होते आणि कायद्याने अपिलासाठी दिलेली मुदत होती तीस दिवसांची!

त्या फाईलमधल्या एका निवेदनावर आमचीही सही होती, हे आम्ही लपवून ठेवणार नाही. कार्यकर्ता म्हणून आम्ही त्यांच्या धरण्यात बसलो, भाषण केले, सही केली. परंतु वकील म्हणून ‘आदेश कोणत्या तारखेला मिळाला?’ एवढा एक प्रश्न आम्ही त्या दिवशी विचारला नाही. पुढे विलंब माफीचा अर्ज केला, तो न्यायाधिकरणाने फेटाळला. उच्च न्यायालयात अडीच वर्षांनी विलंब माफ झाला. पण तोवर सरांनी वयाची अठ्ठावन्न वर्षे ओलांडली होती. जिंकले तरी आता ते वर्गात जाऊ शकत नाहीत. उरला तो फक्त पैशांचा हिशोब. म्हणून हा लेख आम्ही दुसऱ्यांना उपदेश करण्यासाठी लिहीत नाही, आपल्या साऱ्यांच्याच एका सवयीबद्दल लिहीत आहोत.

पहिली गोष्ट ही, की शिस्तभंगाच्या कारवाईविरुद्ध दाद मागण्याचा दरवाजा प्रत्येकाचा वेगळा आहे. चुकीच्या दरवाजावर कितीही धडका मारल्या तरी तो उघडत नाही. खासगी शाळेतील शिक्षक व शिक्षकेतर कर्मचाऱ्यांना महाराष्ट्र खासगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम, १९७७ लागू आहे. त्यातील कलम ९ नुसार बडतर्फी, सेवेतून काढून टाकणे, अन्य प्रकारे सेवासमाप्ती किंवा पदावनती झाली, तर आदेश मिळाल्यापासून तीस दिवसांत शाळा न्यायाधिकरणात अपील करावे लागते. पुरेसे कारण असेल तर विलंब माफ होतो, पण तो हक्क नव्हे, न्यायाधिकरणाचा विवेक आहे. ‘उद्यापासून शाळेत येऊ नका’ असे संस्थाचालकाने नुसते तोंडी सांगितले तरी ती सेवासमाप्तीच असते. अशा वेळी लेखी आदेशाची वाट बघत बसणे म्हणजे मुदत आपल्या हाताने घालवणे. त्याच दिवशी रजिस्टर पोस्टाने ‘मी कामावर हजर झालो होतो, मला रोखण्यात आले’ असे कळवून लगेच अपिलाची तयारी केली पाहिजे.

राज्य सरकारच्या कर्मचाऱ्याचा दरवाजा म्हणजे १९९१ साली सुरू झालेले महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण, ज्याला आपण मॅट म्हणतो. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यासाठी कॅट आहे. दोन्ही प्रशासकीय न्यायाधिकरण अधिनियम, १९८५ खाली चालतात. या कायद्यात दोन पायऱ्या आहेत आणि दोन्ही ठिकाणी आपली माणसे घसरतात. पहिली पायरी कलम २० ची. सेवा नियमांनी खात्यातच वरिष्ठांकडे अपील दिले असेल तर आधी ते करावे लागते. केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या १९६५ च्या नियमांत या खातेअंतर्गत अपिलाला पंचेचाळीस दिवसांची मुदत आहे. अपिलावर सहा महिन्यांत निर्णयच झाला नाही, तर पुढे न्यायाधिकरणाकडे जाण्याची वाट मोकळी होते. दुसरी पायरी कलम २१ ची. अंतिम आदेशापासून एक वर्ष, किंवा निर्णय न लागता ते सहा महिने संपल्यापासून एक वर्ष, एवढ्यातच अर्ज दाखल झाला पाहिजे.

मग थेट उच्च न्यायालयात का जाऊ नये, असे अनेक जण विचारतात. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या घटनापीठाने एल. चंद्रकुमार खटल्यात याचे उत्तर दिले आहे. उच्च न्यायालयाचा अधिकार कोणी काढून घेऊ शकत नाही, परंतु आधी न्यायाधिकरण, नंतर उच्च न्यायालय हा क्रम पाळावा लागतो. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले. तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले, याचा आपल्याला अभिमान आहे. कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतील पक्षकारांची मुंबईची खेप त्यामुळे वाचली. पण न्यायालय जवळ आले म्हणून क्रम बदलला, असा गैरसमज कोणी करून घेऊ नये. बडतर्फ सरकारी कर्मचाऱ्याची पहिली पायरी आजही मॅटचीच आहे.

वकील आणि डॉक्टर यांचेही तसेच. राज्य बार कौन्सिलच्या शिस्तपालन समितीने सनद निलंबित केली तर वकिलाला अधिवक्ता अधिनियम, १९६१ च्या कलम ३७ नुसार साठ दिवसांत बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे आणि पुढे कलम ३८ नुसार साठ दिवसांत सर्वोच्च न्यायालयात अपील करावे लागते. डॉक्टरांसाठी २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग अधिनियमाने राज्य वैद्यकीय परिषद, नंतर नैतिकता व नोंदणी मंडळ आणि शेवटी आयोग अशी उतरंड घालून दिली आहे. पेशा कोणताही असो, अपिलाची पायरी गाळून रिट याचिका केली, की पहिलाच प्रश्न येतो, ‘पर्यायी मार्ग असताना इथे कसे आलात?’ नैसर्गिक न्यायाची सरळसरळ पायमल्ली झाली असेल, किंवा आदेश देणाऱ्याला तो अधिकारच नसेल, तर न्यायालय अपवाद करते. १९९८ च्या व्हर्लपूल खटल्यात हे अपवाद स्पष्ट झाले आहेत. पण अपवादाच्या भरवशावर संसार टांगता येत नाही.

आता निवेदनांबद्दल. निवेदन देणे हा आपल्या चळवळीचा हक्क आहे आणि तो आम्ही कमी लेखत नाही. परंतु निवेदनाने मुदतीचा काटा थांबत नाही! सर्वोच्च न्यायालयाने १९८९ च्या एस. एस. राठोड खटल्यात सांगितले, की नियमाने दिलेले एक अपील किंवा एक अर्ज मोजला जाईल. त्यानंतर पुन:पुन्हा केलेली निवेदने मुदत वाढवू शकत नाहीत. २००८ च्या सी. जेकब खटल्यात न्यायालय आणखी पुढे गेले. जुन्या प्रकरणात निवेदन दिले आणि खात्याने त्याला उत्तर दिले, एवढ्याने मेलेला दावा जिवंत होत नाही, असे त्यात ठरले. मंत्र्याने निवेदनावर ‘तपासून सादर करा’ असा शेरा मारला, की आपला माणूस महिनाभर आनंदात असतो. त्या महिन्यात त्याची मुदत संपते, हे त्याला कोणी सांगत नाही.

आयोगाबद्दलही भ्रम आहे. घटनेच्या अनुच्छेद ३३८ खालील अनुसूचित जाती आयोग हे आपले घटनात्मक संरक्षण आहे. चौकशी करताना त्याला साक्षीदार बोलावण्याचे, कागद मागवण्याचे दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत. पण १९९६ साली इंडियन ओव्हरसीज बँकेच्या अनुसूचित जाती-जमाती कर्मचारी संघटनेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की आयोगाला मनाईहुकूम देता येत नाही. म्हणून आयोगाकडे जरूर जा, पण अपील दाखल करून मग जा. अपिलाऐवजी जाऊ नका.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. खटला न्यायालयात उभा राहतो, परंतु तो जिंकला किंवा हरला जातो तो चौकशीच्या खोलीत. १९९५ च्या बी. सी. चतुर्वेदी खटल्यापासून न्यायालयाची भूमिका ठाम आहे. न्यायालय निर्णयाचे अपील ऐकत नाही, निर्णय कोणत्या पद्धतीने झाला ते तपासते. चौकशी नियमाप्रमाणे झाली का, बचावाची संधी मिळाली का, निष्कर्षाला काहीतरी पुरावा आहे का, शिक्षा सदसद्विवेकाला धक्का देणारी आहे का, एवढेच पाहिले जाते. साक्षीदार खरा की खोटा, हे न्यायालय नव्याने तोलत नाही. जो प्रश्न चौकशीत साक्षीदाराला विचारलाच नाही, तो उच्च न्यायालयात कितीही मोठा वकील दिला तरी विचारता येत नाही.

आणि इथेच आपला माणूस काय करतो? ‘चौकशी अधिकारी त्यांचाच आहे, तिथे काय न्याय मिळणार’ असे म्हणून चौकशीवर बहिष्कार टाकतो. संताप समजण्यासारखा आहे. पण मग चौकशी एकतर्फी होते, आरोप न झटकता तसेच राहतात आणि बहिष्कार टाकणाऱ्याने संधी नाकारली असे नोंदवले जाते. उलट हजर राहून, चौकशी अधिकारी पक्षपाती असेल तर लेखी हरकत घ्यावी. दोषारोपपत्रासोबतचे कागद लेखी मागावेत. ते दिले नाहीत तर दिले नाहीत, हेही रोजनाम्यात लिहून घ्यावे. रोजनाम्यावर मान खाली घालून सही करू नये. ‘हरकत कायम ठेवून’ एवढे तीन शब्द सहीआधी लिहिले, तर ते पुढे तीन वर्षांची लढाई वाचवतात.

आमच्या त्या शिक्षकांचेच पाहा. खासगी शाळांच्या १९८१ च्या नियमावलीतील नियम ३६ प्रमाणे चौकशी समितीत तीन सदस्य लागतात. एक संस्थेचा, एक पुरस्कारप्राप्त शिक्षकांच्या यादीतला आणि एक खुद्द कर्मचाऱ्याने नेमलेला, तोही कोणत्याही खासगी शाळेतला चालतो. सरांनी आपला सदस्य नेमलाच नव्हता. कारण असा हक्क आहे, हे त्यांना ठाऊक नव्हते. समितीच्या सहा बैठकांच्या रोजनाम्यावर त्यांच्या सह्या होत्या आणि एकाही ठिकाणी हरकत नव्हती. कायद्याने हातात दिलेली ढाल माळ्यावरच राहिली!

निलंबित माणसाचा निर्वाह भत्ता रोखून त्याला उपाशी ठेवणे आणि मग तो चौकशीला आला नाही म्हणून एकतर्फी निकाल देणे, हा जुना डाव आहे. १९९९ च्या कॅप्टन पॉल अँथनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने भत्ता न दिल्याने हजर राहू न शकलेल्या माणसाविरुद्धची एकतर्फी चौकशी टिकू दिली नाही. पण त्यासाठी ‘भत्ता मिळाला नाही, प्रवासाला पैसे नाहीत’ असे वेळच्या वेळी लेखी कळवलेले असले पाहिजे. समोरच्या बाजूने कायदा जाणणारा अधिकारी बसवला असेल तर कर्मचाऱ्यालाही वकील मिळाला पाहिजे, हे मुंबई पोर्ट ट्रस्टच्या खटल्यात १९८२ साली ठरले आहे. पण तेही मागितले तरच. २००८ च्या रूपसिंग नेगी खटल्याने सांगितले, की नुसते कागद फाईलला लावले म्हणजे आरोप सिद्ध होत नाही, कागद साक्षीदाराकडून शाबीत करावा लागतो. हे निकाल आपल्या बाजूचे आहेत. पण ते आपोआप चालून येत नाहीत.

चौकशी अहवालाचेही असेच आहे. शिक्षेपूर्वी अहवालाची प्रत देऊन कर्मचाऱ्याचे म्हणणे ऐकले पाहिजे, हा नियम १९९० च्या रमझान खान खटल्यापासून आहे. परंतु १९९३ च्या करुणाकर खटल्यातील घटनापीठाने त्याला जोड दिली. प्रत मिळाली नाही एवढ्याने आदेश रद्द होणार नाही, प्रत न मिळाल्याने बचावाचे काय नुकसान झाले ते दाखवावे लागेल. आणि आदेश रद्द झाला तरी बहुधा चौकशी त्याच टप्प्यापासून पुन्हा सुरू होईल. म्हणून ‘प्रत दिली नाही’ एवढ्या एका मुद्द्यावर विसंबून राहणाऱ्या वकिलापासून सावध राहा. नुकसान काय झाले, हे याचिकेत मांडले आहे की नाही, ते वाचून घ्या. वकीलपत्रावर सही करणे म्हणजे डोळे मिटणे नव्हे.

जातीय आकसाचा मुद्दा आमच्या वाचकांच्या मनात आल्याशिवाय राहणार नाही. आकस असतो, आम्ही तो रोज पाहतो. एकाच चुकीसाठी एकाला समज आणि दुसऱ्याला बडतर्फी, हे कशाने होते? पण न्यायालयात ‘मी मागासवर्गीय आहे म्हणून काढले’ हे एक वाक्य पुरत नाही. ज्याचा आकस आहे त्याला नावाने पक्षकार करावे लागते. कोणत्या तारखेला काय घडले, कोण हजर होते, हे शपथेवर सांगावे लागते. आणि त्याच आरोपात दुसऱ्याला काय शिक्षा झाली, तो आदेश मिळवून जोडावा लागतो. माहितीचा अधिकार २००५ पासून आपल्या हातात आहे, तो इथे वापरला पाहिजे. अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालील फिर्याद ही वेगळी लढाई आहे. ती जिंकली तरी बडतर्फीचा आदेश आपोआप रद्द होत नाही.

काही कार्यकर्ते म्हणतील, हे सारे तांत्रिक आहे, चळवळीला असल्या कलमबाजीत अडकवू नका. त्यांना आम्ही महाडची आठवण करून देऊ. डिसेंबर १९२७ मध्ये सत्याग्रहाच्या तोंडावर सनातन्यांनी दावा लावून तात्पुरता मनाईहुकूम मिळवला. बाबासाहेबांनी परिषद घेतली, मनुस्मृतीचे दहन केले, परंतु तळ्यावरचा सत्याग्रह तहकूब केला आणि दावा लढवला. महाडच्या न्यायालयाचा निकाल १९३१ मध्ये, ठाण्याचे अपील १९३३ मध्ये आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल १७ मार्च १९३७ रोजी. जवळजवळ दहा वर्षे! आणि विजय कशावर मिळाला? अस्पृश्यांना तळ्यापासून दूर ठेवण्याची पुरातन रूढी वादींना पुराव्याने शाबीत करता आली नाही, यावर. म्हणजे मैदानात ते लढले तेवढेच ते पुराव्याच्या कागदावरही लढले. बाबासाहेबांनी एका पायाने चळवळ केली नाही. मग आपण मोर्चाच्या एका पायावर का उभे आहोत?

पुढचा काळ अधिक कठीण आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने नऊ खासगी संस्थांमार्फत कंत्राटी मनुष्यबळ घेण्याचा निर्णय काढला होता. लोकांच्या रेट्यामुळे तो ऑक्टोबर २०२३ मध्ये मागे घ्यावा लागला, पण कंत्राटी नेमणुका त्याने संपल्या नाहीत. सरकारी कर्मचाऱ्याला अनुच्छेद ३११ चे कवच आहे. कंत्राटदाराच्या माणसाला ते नाही. त्याला दोषारोपपत्रही मिळत नाही, फक्त मुदतवाढ मिळत नाही. परिविक्षाधीन किंवा तात्पुरत्या माणसाला वरवर साध्या शब्दांत कमी केले, पण खरे कारण गैरवर्तनाचा ठपका असेल, तर न्यायालय आदेशाचा पडदा बाजूला करून पाहू शकते. १९८४ साली अनुप जयस्वाल या परिविक्षाधीन पोलीस अधिकाऱ्याच्या खटल्यात तसे झाले. पण तेही सिद्ध करण्याचे ओझे कर्मचाऱ्यावरच असते.

मग करायचे काय? प्रत्येक तालुक्यात आपल्या संघटना आहेत, कर्मचारी महासंघ आहेत, आणि आता आपले शेकडो तरुण वकीलही आहेत. जो कोणी आदेश घेऊन येईल, त्याच्याकडून निवेदनावर सह्या घेण्याआधी आदेश मिळाल्याची तारीख एका वहीत लिहा आणि तिच्यापुढे शेवटची तारीख लिहा. पाकीट फेकू देऊ नका, त्यावरचा टपालाचा शिक्का हा पुरावा आहे. दोषारोपपत्र आले त्याच आठवड्यात वकिलाला दाखवा, बडतर्फी होईपर्यंत थांबू नका. पैसे नाहीत म्हणून कोणी घरी बसू नये. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला आणि कोणत्याही स्त्रीला उत्पन्न न पाहता मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे. जिल्हा न्यायालयाच्या आवारातच ते कार्यालय असते.

आणि अपिलात एक वाक्य विसरू नका, ‘सेवासमाप्तीनंतर मी कुठेही लाभाच्या नोकरीत नाही.’ २०१३ साली औरंगाबादच्या एका शिक्षिकेच्या प्रकरणात शाळा न्यायाधिकरणाने दिलेला थकीत पगार उच्च न्यायालयाने काढून टाकला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो पूर्ण परत दिला. बेकायदा काढलेल्या माणसाला सामान्यतः थकीत पगारासह कामावर घेतले पाहिजे, असे तिथे ठरले. पण आपण बेकार होतो, हे आधी कर्मचाऱ्यानेच सांगितले पाहिजे.

आमच्या त्या सरांचे अपील अजून चालू आहे. परवा ते कोर्टात भेटले, तेव्हा त्यांच्याबरोबर दुसऱ्या शाळेतला एक तरुण शिक्षक होता. त्याला आदेश मिळून नऊ दिवस झाले होते. सरांनीच त्याला हाताला धरून आणले होते. आल्या आल्या त्यांनी आमच्यापुढे पाकीट ठेवले आणि टपालाच्या शिक्क्यावर बोट ठेवले. एकवीस दिवस शिल्लक होते. आम्ही त्याच दिवशी अपील लिहायला घेतले.